थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार

27 ऑगस्ट 2022. आयर्लंडच्या डब्लिन शहरात अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना चालला होता, नेब्रास्का विरुद्ध नॉर्थवेस्टर्न. तिसऱ्या क्वार्टरमध्ये नेब्रास्कानं टचडाउन केलं, आघाडी 28-17 झाली आणि समुद्र ओलांडून आलेल्या लाल शर्टवाल्यांच्या जिवात जीव आला. आता चेंडू किक मारून लांब धाडायचा, समोरच्यांना अख्खं मैदान तुडवत यायला लावायचं आणि आपल्या बचावावर भिस्त ठेवायची, एवढं शाळकरी पोरालाही सुचलं असतं. हेड कोच स्कॉट फ्रॉस्टनं वेगळंच ठरवलं. त्यानं ऑनसाइड किक मारायला लावली. म्हणजे चेंडू मुद्दाम दहाएक यार्डच ढकलायचा आणि समोरचे सावध व्हायच्या आत आपल्याच माणसांनी त्यावर झडप घालायची. झडप नॉर्थवेस्टर्ननं घातली. त्यांना मैदानाच्या मध्यावर चेंडू आयता मिळाला, थोड्याच चालींत त्यांचं टचडाउन झालं आणि शेवटी सामना त्यांनी 31-28 असा जिंकला.

पंधरा दिवसांनी फ्रॉस्टची नोकरी गेली. त्याला काही वर्षं झाली. पण आजही ओमाहात किंवा लिंकनमध्ये चार माणसं जमलेली असताना नुसतं ‘ती किक’ म्हटलं, की कुठली हे कुणी विचारत नाही.

मी ओमाहात राहते. मिसूरी नदीच्या अलीकडे नेब्रास्का, पलीकडे आयोवा. दोन्हीकडे मका आणि सोयाबीन, दोन्हीकडे तोलूनमापून बोलणारी माणसं. शेजाऱ्यानं तुमच्या दारातलं बर्फ न सांगता काढून द्यावं, असा दोन्हीकडचा रिवाज. याच माणसांचा फुटबॉलच्या गप्पांत आवाज चढतो. गेले काही हंगाम मी त्या गप्पा ऐकते आहे, वही घेऊन विचारते आहे. शेतकी सहकारी संस्थेच्या कॉफीच्या टेबलावर, स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये, नदीपलीकडच्या नातेवाइकांच्या बैठकीत हेच बोलणं चालू असतं. विषय वरवर डावपेचांचा: धावायचं की पास टाकायचा, चौथ्या डाउनला धोका पत्करायचा की चेंडू लाथाडून मोकळं व्हायचं. पण थोडं उकरलं की खाली एकच प्रश्न निघतो. ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याला किती दिवस द्यायचे? या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरं या दोन शेजारी राज्यांनी प्रत्यक्ष जगून पाहिली आहेत. म्हणून मला हा वाद नुसत्या खेळाचा वाटत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. तीन प्रयत्नांत काम झालं नाही, तर चौथ्याला बहुतेक जण पंट करतात, म्हणजे चेंडू लांब लाथाडून देऊन टाकतात, कारण तिथंच अडकलो तर समोरच्याला जवळून चढाई करायला मिळते. प्रत्येक डाउनच्या आधी कोच चाल सांगतो, अकराही जण ठरलेल्या जागी उभे राहतात आणि सगळं पाचसात सेकंदांत संपतं. मग पुन्हा थांबणं, पुन्हा विचार. सामन्यात खेळापेक्षा थांबणंच जास्त असल्यामुळे प्रेक्षकाला प्रत्येक वेळी स्वतः कोच होऊन बघायला सवड मिळते. वाद घालायला याहून सोयीचा खेळ नसेल.

नेब्रास्काची लोकसंख्या सुमारे वीस लाख. बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल, कशाचाही सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला संघ या राज्यात नाही. सगळ्या राज्याचा मिळून एक संघ, तो लिंकनच्या राज्य विद्यापीठाचा. तिथलं मेमोरियल स्टेडियम 1923 मध्ये उभं राहिलं. सामन्याच्या शनिवारी तिथं ऐंशी-नव्वद हजार माणसं बसतात आणि ओमाहा व लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं ‘शहर’ काही तासांपुरतं वसतं. 3 नोव्हेंबर 1962 पासून इथला प्रत्येक सामना पूर्ण विकला गेला आहे. सलग, चारशेहून अधिक. मधल्या पडत्या वर्षांत ही साखळी तुटायला आली, तेव्हा देणगीदारांनी उरलेली तिकिटं घेतली आणि ज्या मुलांना स्टेडियमचं तोंड पाहणं परवडत नाही त्यांना वाटली. काही जण म्हणतात, ही फसवी साखळी. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या घरात तिकीट कधी आलंच नसतं, अशी पोरं त्या निमित्तानं आत गेली.

हंगाम ऐन कापणीचा. कंबाइनमध्ये बसून मका काढणारा शेतकरी रेडिओवर सामना ऐकतो. पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटतात. कोबी आणि बीफ भरलेला रुन्झा नावाचा पाव हातोहात फिरतो. तो जर्मन वंशाच्या स्थलांतरितांनी रशियातल्या व्होल्गाकाठाहून इथं आणला. थंडी पडली की वाटीभर चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. हे जोडपं पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मी गडबडले होते. आता त्याशिवाय नोव्हेंबर वाटत नाही.

याच पार्किंगमध्ये ओमाहातल्या एका मराठी कुटुंबातल्या बापलेकांशी माझी ओळख झाली. वडील 1994 साली लिंकनला एम. एस. करायला आले. त्या वर्षी संघ राष्ट्रीय विजेता झाला, पुढच्या वर्षी पुन्हा झाला, 1997 मध्ये तिसऱ्यांदा. मुलगा जन्मला 2001 मध्ये.

“बाबा, तुम्ही आलात तेच लॉटरी लागल्यावर,” तो म्हणाला. “तुम्हाला वाटतं, हेच नेहमीचं असतं. मी तर कळायला लागल्यापासून कोच हाकलतानाच बघतोय.”

“अरे, पण का हाकलले ते बघ ना,” वडील म्हणाले. “धावायचं सोडलं आणि सगळं गेलं.”

‘धावायचं सोडलं’ हे या राज्यातलं सर्वांत जुनं गाऱ्हाणं. ते समजायला टॉम ऑस्बर्नपाशी जावं लागतं.

ऑस्बर्न 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षं हेड कोच होता. 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी. एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. त्याच्या हुकमाची चाल म्हणजे ऑप्शन. ती जवळून बघण्यासारखी आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची चाल चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन बाजूला पळू लागतो आणि त्याच्याबरोबर बाहेरच्या अंगानं आणखी एक धावपटू पळतो. समोरच्या बचावफळीतल्या एका गड्याला मुद्दामच कुणी अडवत नाही. त्याला मोकळा सोडतात. क्वार्टरबॅकची नजर फक्त त्याच्यावर. तो अंगावर आला, तर शेवटच्या क्षणी चेंडू बाहेरच्याकडे फेकायचा. तो बाहेर सरकला, तर चेंडू पोटाशी धरून स्वतःच आत घुसायचं. बिचाऱ्यानं काहीही केलं तरी चुकतोच. आणि त्याला अडवायचा एक माणूस वाचल्यामुळे बाकीच्यांना अडवायला आपल्याकडे एक जास्त उरतो. ऐकायला सोपं. पण त्यासाठी पुढच्या फळीतल्या पाच जणांची पावलं एकाच तालात पडावी लागतात, आणि तो ताल तीन-चार वर्षं एकत्र घाम गाळल्याशिवाय येत नाही. नेब्रास्काकडे ते बळ होतं. शिष्यवृत्ती नसताना, स्वतःच्या पैशांनी शिकत संघात राहणारी गावोगावची पोरं शेकड्यांनी येत. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. पहिली दोन वर्षं ती फक्त सरावात मार खात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मैदानात उतरत.

ऑस्बर्नचं नाव निघालं की जुनेजाणते विजेतेपदांच्या आधी एका पराभवाची गोष्ट सांगतात. 2 जानेवारी 1984, मायामीतला ऑरेंज बोल. नेब्रास्का तोवर अपराजित, क्रमांक एकवर. समोर मायामी विद्यापीठ, त्यांच्या घरच्या मैदानावर. शेवटच्या मिनिटात नेब्रास्कानं टचडाउन करून 31-30 पर्यंत मजल मारली. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता. साधी किक मारून एक गुण घेतला असता तर 31-31 अशी बरोबरी झाली असती, आणि अपराजित राहिल्यामुळे राष्ट्रीय विजेतेपद जवळपास नक्की नेब्रास्कालाच मिळालं असतं. ऑस्बर्न चेंडू पुन्हा गोलरेषेपार नेऊन मिळणाऱ्या दोन गुणांसाठी गेला. टर्नर गिलनं पास टाकला, मायामीच्या बचावपटूचा हात लागला, चेंडू खाली पडला. विजेतेपद मायामीला गेलं. ऑस्बर्नला पहिलं मिळायला आणखी अकरा वर्षं लागली.

एक निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले, या निर्णयाबद्दल बोलताना अजूनही हात वर करून रेफरीसारखी खूण करतात. त्यांच्या लेखी तो या राज्याचा सर्वांत मोठा विजय. त्यांचा धाकटा भाऊ शेजारीच बसला होता. तो म्हणाला, हातातलं सोडलं, दुसरं काय. एका घरात वाढलेल्या दोन भावांत या एका चालीवरून चाळीस वर्षं मतभेद आहेत. मी शिक्षकांच्या बाजूची आहे. जिंकायला आलो आहोत तर जिंकायलाच जायचं, आणि हरल्यावर त्याच माणसाला पुढच्या हंगामात पुन्हा उभं करायचं, हे दोन्ही त्या वेळी झालं. ‘त्या किके’त आणि या पासात फरक आहे तो इथं. 1984 मध्ये कोचला आपल्या माणसांवर भरवसा होता म्हणून त्यानं धोका पत्करला. 2022 मध्ये अकरा गुणांची आघाडी असूनही बचाव ती राखेल असं कोचला वाटलं नाही. तसं वाटायला कारणही होतं. आदल्या हंगामात हा संघ नऊ सामने हरला होता आणि नऊच्या नऊ एक आकडी फरकानं.

या दोन निर्णयांच्या मधे काय घडलं?

ऑस्बर्ननंतर त्याचाच सहायक फ्रँक सोलिच आला. सहा वर्षांत 58 विजय, 19 पराभव. 2001 च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना खेळला, हरला. पुढचं वर्ष 7-7. त्याच्या पुढच्या, 2003 च्या हंगामात नऊ सामने जिंकले आणि तो संपताच त्याला काढलं. विद्यापीठाचा क्रीडासंचालक स्टीव्ह पीडरसन तेव्हा अशा अर्थाचं बोलला, की हा संघ सामान्य होताना आपण बघत बसणार नाही आणि ओक्लाहोमा व टेक्सासपुढे हार मानणार नाही. त्यानं आणलेल्या बिल कॅलहननं ऑप्शन मोडीत काढला आणि व्यावसायिक फुटबॉलमधला छोट्या-छोट्या पासांचा खेळ आणला. पहिल्याच वर्षी संघाचा हंगाम तोट्यात गेला. 1961 नंतर प्रथमच. चार वर्षांत कॅलहन गेला, त्याच्या आधी पीडरसन.

मग बो पेलीनी. सात वर्षं, दर वर्षी नऊ किंवा दहा विजय आणि दर वर्षी बरोबर चार पराभव. 2014 मध्ये त्यालाही काढलं, आयोवाला त्यांच्याच मैदानावर हरवल्यानंतर दोन दिवसांनी. पत्रकारांनी त्या विजयाचं काय म्हणून विचारलं तेव्हा त्या वेळचा संचालक शॉन आयकॉर्स्ट अशा अर्थाचं बोलून गेला, की विजयाचं वजन ठरवताना आयोवा कुठं आहे हेही बघावं लागलं. नदीपलीकडे हे वाक्य आजही कुणी विसरलेलं नाही. पुढच्याच हंगामात आयोवानं नियमित हंगामातले बाराच्या बारा सामने जिंकले, आणि त्या वर्षापासून नेब्रास्काला सलग सात वर्षं हरवलं.

पेलीनीनंतर माइक रायली, 19 विजय आणि 19 पराभव. त्याच्यानंतर घरचा मुलगा. स्कॉट फ्रॉस्ट हा नेब्रास्कातल्या वुड रिव्हर गावचा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, नुकताच फ्लोरिडात एका संघाला 13-0 असा हंगाम देऊन आलेला. विमानतळापासून चर्चपर्यंत सगळीकडे एकच आनंद होता. तो 16-31 वर संपला. सप्टेंबर 2022 मध्ये जॉर्जिया सदर्नसारख्या लहान संघानं 45-42 असं हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला निरोप मिळाला. आणखी तीन आठवडे थांबले असते तर करारानुसार त्याला द्यायची भरपाई सुमारे दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. थांबायची कुणाची तयारी नव्हती.

बापलेकांच्या वादात वडिलांचं म्हणणं असं, की ऑप्शन गेला तिथं घसरण सुरू झाली. मुलाचं म्हणणं, ऑप्शन ठेवला असता तरी गेलंच असतं. त्याच्याकडे मुद्दे आहेत. 1970 च्या दशकापर्यंत शिष्यवृत्त्यांना मर्यादा नव्हती. ती आधी 105 वर, मग 95 वर आणि 1990 च्या दशकात 85 वर आली, म्हणजे पूर्वी मोठ्या संघांच्या बाकावर बसून राहणारे चांगले खेळाडू इतरत्र विखुरले. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सामन्यांच्या प्रक्षेपणावरची केंद्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली, तेव्हापासून पूर्वी शनिवारी टीव्हीवर क्वचितच दिसणारे संघही दर आठवड्याला दिसू लागले. टेक्सासमधल्या मुलानं आठशे मैल दूर, हिवाळ्यात गोठणाऱ्या लिंकनला यावं असं कारण उरलं नाही.

दोघांचंही ऐकून घेतल्यावर मला वाटतं, दोघंही चालीकडे बघताहेत. मोडली ती चाल नव्हे. कॉलेजच्या संघातला मुलगा अठराव्या वर्षी येतो आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पक्का होतो. एका कोचनं धावण्यासाठी म्हणून वजनदार, जमिनीला घट्ट धरून ढकलणारी पोरं निवडायची. तीन वर्षांनी दुसऱ्यानं येऊन त्यांना मागे सरकत पास वाचवायला शिकवायचं. ती पोरं तयार होईतो तिसऱ्यानं यायचं. कलमं मोहरायला आली की उपटायची आणि नवी लावायची, असं वीस वर्षं चाललं. त्यातली कुठलीही पद्धत वाईट नव्हती. कुठल्याही पद्धतीला पिकायला वेळ मिळाला नाही.

“म्हणजे सोलिचला ठेवायला हवं होतं,” वडील म्हणाले.

“आणि पेलीनीलाही,” मुलगा म्हणाला. या एका मुद्द्यावर दोघांचं जुळलं.

हे इतकं सरळ असतं तर नदी ओलांडली की सगळे सुखी दिसायला हवेत. तसं नाही.

आयोवा सिटी म्हटलं की मराठी साहित्याच्या वाचकाला तिथला आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम आठवेल. दिलीप चित्रे 1975 ते 77 या काळात तिथं होते. ते परतले त्यानंतर दोन वर्षांनी, 1979 मध्ये, हेडन फ्राय नावाचा कोच आयोवा विद्यापीठात आला. या माणसानं पाहुण्या संघाची खोली गुलाबी रंगवून घेतली. रंगानं समोरच्यांची रग उतरते, असं त्याची मानसशास्त्राची पदवी त्याला सांगत होती. ती खोली अजून गुलाबीच आहे. फ्राय 1998 पर्यंत राहिला. त्याच्यानंतर कर्क फेरेंट्झ आला तो आजतागायत आहे. 1979 पासून दोनच कोच. फेरेंट्झच्या पहिल्या दोन हंगामांत 1-10 आणि 3-9 असे निकाल लागले, तरी कुणी त्याला हात लावला नाही. चौथ्या वर्षी त्यानं कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या गटातल्या स्पर्धेचं, विजेतेपद वाटून घेतलं. सप्टेंबर 2025 मध्ये तो वुडी हेजला मागे टाकून बिग टेन या कॉन्फरन्सच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारा कोच ठरला.

मग आयोवावाले कशाबद्दल भांडतात? आक्रमणाबद्दल. फेरेंट्झचा विश्वास बचावावर, पंटवर आणि समोरच्याच्या चुकीवर. मैदान उलटवायचं, त्यांना कोपऱ्यात कोंडायचं आणि वाट बघायची. 2022 च्या पहिल्या सामन्यात आयोवानं साउथ डकोटा स्टेटला 7-3 असं हरवलं. सातपैकी तीन गुण एका फील्ड गोलचे. उरलेले चार दोन सेफ्टींचे, म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे दोनदा पाडून मिळालेले. टचडाउन एकही नाही. स्टेडियममधून बाहेर पडणाऱ्यांना हसावं की रडावं ते कळेना, असं त्या सामन्याला गेलेली एक नर्स मला म्हणाली.

आक्रमणाचा प्रमुख होता फेरेंट्झचा मुलगा ब्रायन. लोकांचा राग इतका वाढला, की 2023 साली विद्यापीठानं त्याच्या करारात अट घातली: सामन्याला सरासरी 25 गुण झाले पाहिजेत. त्या हंगामात आयोवानं दहा सामने जिंकले, आपल्या गटाचं अव्वल स्थान मिळवलं, आणि सरासरी 25 च्या जवळपासही पोचली नाही. आक्रमणाच्या यार्डांत संघ देशात शेवटचा होता. त्या वर्षी राज्यातला सर्वांत लाडका खेळाडू कोण, तर मेलबर्नहून आलेला पंटर टोरी टेलर. चेंडू समोरच्याच्या गोलरेषेजवळ अलगद मरून पडेल असा लाथाडायचा. त्यानं एका हंगामातल्या पंटच्या एकूण यार्डांचा 1938 पासूनचा विक्रम मोडला. इतके पंट मारावे लागले यातच आक्रमणाची हकीकत आली. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रभारी संचालक बेथ गोट्झ यांनी ब्रायन हंगामानंतर राहणार नाही असं जाहीर केलं. बाप खुर्चीवर असताना मुलाला काढायचा निर्णय वरून आला. इतक्या वर्षांच्या भरवशाला तो पहिला मोठा तडा होता.

ती नर्स जिथं काम करते ते मुलांचं रुग्णालय आयोवाच्या किनिक स्टेडियमला अगदी लागून आहे. 2017 पासून इथं पहिलं क्वार्टर संपलं की सगळं स्टेडियम मागे वळतं आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतल्या आजारी मुलांना हात हलवतं. पाहुण्या संघाचे खेळाडू आणि प्रेक्षकही हलवतात. नेब्रास्काचेही. मिनिटभरानं सगळे परत वळतात आणि पुन्हा ओरडायला लागतात. “फेरेंट्झ बदलावा असं मला दर शनिवारी वाटतं,” ती म्हणाली, “आणि रविवारी वाटतं, बदलला तर आपलं नेब्रास्का होईल.”

आयोवातला हा धाक खरा आहे. पण धाकापोटी वीस वर्षं एकच गोष्ट चालू ठेवणं आणि विश्वासानं चालू ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोच कायम ठेवून त्याला एका खात्यात बदल करायला भाग पाडणं, हे आयोवानं दहा वर्षं आधी करायला हवं होतं. टिम लेस्टर हा नवा आक्रमणप्रमुख आल्यावर 2024 मध्ये केलब जॉन्सन या धावपटूनं पंधराशेवर यार्ड काढले, तेही त्याच फेरेंट्झच्या हाताखाली.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नेब्रास्का आणि आयोवा समोरासमोर येतात. ही तारीख जुनी नाही. नेब्रास्काचा खरा वैरी ओक्लाहोमा. 1971 च्या थँक्सगिव्हिंगला नॉर्मनमध्ये झालेला 35-31 चा सामना ‘शतकातला सामना’ म्हणून ओळखला जातो. 1996 मध्ये बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स झाली, त्यात गट असे पडले की ओक्लाहोमाशी दर वर्षीचा सामना बंद झाला. सत्तेचा काटा टेक्सासकडे झुकला. त्या कॉन्फरन्सच्या 2009 च्या नेब्रास्का-टेक्सास अंतिम सामन्यात घड्याळ शून्यावर आलं असताना पंचांनी एक सेकंद परत दिला, त्या सेकंदात टेक्सासनं फील्ड गोल मारून 13-12 असा विजय नेला. 2011 मध्ये नेब्रास्का बिग टेनमध्ये गेली. ते पैशाच्या दृष्टीनं शहाणपणाचं होतं: 2022 मध्ये बिग टेननं सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. पण जुन्या माणसांना विचारा. त्यांच्या तोंडी अजून ओक्लाहोमाच येतं, आणि आता तर ओक्लाहोमा व टेक्सास दोघंही 2024 पासून दक्षिणेच्या एसईसीत गेले आहेत. शेजारचं वैर आयतं मिळालं म्हणून आयोवा. तरुण पिढीनं मात्र ते मनापासून स्वीकारलं आहे.

2023 मध्ये आयोवानं हा सामना 13-10 असा शेवटच्या किकवर जिंकला. 2024 मध्ये पुन्हा 13-10, पुन्हा शेवटची किक, या वेळी 53 यार्डांची. त्या रात्री नेब्रास्कानं आयोवाच्या दुप्पट यार्ड काढले होते. आयोवाचं आक्रमण जवळजवळ थिजलेलं असताना जॉन्सन एक छोटा पास घेऊन 72 यार्ड धावला. पंट पकडताना नेब्रास्काच्या हातून चेंडू सुटले. शेवटी तरुण क्वार्टरबॅक डिलन रायोलाच्या हातूनही सुटला. फेरेंट्झ ज्या चुकीची वाट बघत बसतो ती त्याला मिळाली. बापलेक त्या रात्री घरात एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही एकाच संघाचे होते.

आता नेब्रास्कात मॅट रूल आहे. पहिलं वर्ष 5-7, दुसरं 7-6, आणि 2016 नंतरचा पहिला नफ्यातला हंगाम. आल्या आल्या त्यानं एक गोष्ट केली, तिच्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. 2003 पासून दूर राहिलेल्या सोलिचला त्यानं 2023 च्या वसंतातल्या सराव सामन्याला बोलावून घेतलं. स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दोन दशकं वाद घातल्यानंतर लोकांनी आपली चूक अशी जाहीर मान्य केली.

पण रूलपुढचा पेच ऑस्बर्नला कधी पडला नव्हता. खेळाडूला आता जवळजवळ दर वर्षी विद्यापीठ बदलता येतं. 2021 पासून त्याला आपल्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि जून 2025 मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, 2025-26 मध्ये सगळ्या खेळांना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्याच तडजोडीत एक कलम आहे: फुटबॉलच्या संघात 105 हून अधिक खेळाडू नकोत. आधीपासून असलेल्यांना सवलत आहे, नव्यांना नाही. दीडशेच्या आसपास मुलं सांभाळणाऱ्या नेब्रास्काला याचा अर्थ सांगायला नको. पहिली दोन वर्षं नुसता मार खायला तयार असलेल्या वुड रिव्हरसारख्या गावातल्या पोराला ठेवायला जागाच कमी उरली.

म्हणून 2025 मध्ये पार्किंगमधला वाद बदललेला दिसला. निवृत्त शिक्षकांच्या मते 105 पैकी वीस जागा राज्यातल्या मुलांसाठी बाजूला ठेवाव्यात, हरलो तरी चालेल. त्यांच्या भावाला हे मान्य नाही. मराठी घरातला मुलगा म्हणतो, जागा राज्याच्या मुलांना द्या, पण त्यातली निम्मी पुढच्या फळीसाठीच ठेवा, कारण तिथंच तीन-चार वर्षांचा ताल लागतो आणि तिथलीच मुलं सहसा पळून जात नाहीत. मला त्याचं म्हणणं पटतं. वडिलांनी विचारलं, “आणि मग धावणार ना?”

28 नोव्हेंबर 2025 ला, शुक्रवारी, आयोवा लिंकनला आली.